रुसलेला पडदा

मराठीत ‘पडदा’ या शब्दाइतका राबणारा शब्द क्वचितच सापडेल. नाटकाला पडदा असतो, कानात असतो, डोळ्याच्या आत असतो. पूर्वी काही घराण्यांत तो पाळला जाई, आणि चारचौघांत बोलू नये अशा गोष्टींवर तो आजही टाकला जातो. अलीकडे या शब्दाच्या गळ्यात आणखी एक काम येऊन पडले आहे. डिजिटल कॅमेऱ्याच्या पाठीवर जी तीनएक इंचांची काच असते, तिलाही आपण पडदाच म्हणतो. सिनेमाचा सोडला, तर बहुतेक पडद्यांचे काम झाकण्याचे. या चिमुकल्या पडद्याचे काम मात्र दाखवण्याचे. तो दाखवायचे सोडून झाकू लागला की घरात काय हलकल्लोळ उडतो, हे ज्यांच्या घरी कॅमेरा आहे त्यांना सांगायला नको.

या सदरात मी एरवी शब्दांविषयी लिहितो. आज यंत्राविषयी लिहीत आहे, पण फार दूर गेलो आहे असे मला वाटत नाही. कॅमेऱ्याचा पडदा खुणांच्या भाषेत बोलतो आणि आपल्याला ती भाषा येत नाही, म्हणून आपण ‘बिघडला’ हा एकच शब्द वापरून मोकळे होतो. जो परभाषक आहे त्याला आपण वेडा ठरवत नाही. मग यंत्रालाच का ठरवावे?

आमची सानगडी भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यात. गावाला जुना किल्ला आहे, भोवती धानाची शेते आहेत, आणि तळी तर या जिल्ह्यात मोजावी तितकी थोडी. पुण्या-मुंबईच्या वाचकांना दिवाळी संपली की सुटी संपल्याचे दुःख होते. आमच्याकडे खरी मौज तेव्हाच सुरू होते. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया भरतात. दिवसा दुकाने आणि पाळणे, रात्री नाटक. झाडीपट्टीच्या रंगभूमीचा हा हंगाम. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरू लागतात आणि मंडपात रात्रभर, पार पहाटेपर्यंत खेळ रंगतो. पुढे तुळशीचे लग्न लागले की माणसांचीही लागू लागतात. म्हणजे फोटो काढणाऱ्याचे वर्ष आमच्याकडे कार्तिकात उजाडते.

याच मुहूर्तावर माझ्या भाच्याने कॅमेरा घेतला. नवा घेण्याची ऐपत नव्हती. नागपूरहून एक वापरलेला, आरसा नसलेल्या नव्या जातीचा कॅमेरा त्याने आणला. पैसे माझ्या ताईने आपल्या बचत गटातून कर्जाऊ उचलले होते, तीस हजार. दर महिन्याच्या बैठकीत हप्ता ठेवायचा, आणि तोही बारा बायांच्या समोर. पहिले काम मिळाले ते गावातल्याच एका मुलीच्या साखरपुड्याचे, दसऱ्याच्या आत. ते उत्तम झाले. लग्नाचेही काम त्यालाच मिळाले आणि दोन हजारांचा बयाना घरात आला. मध्यंतरी मुलीचे आजोबा वारले. लग्न आता वर्षाच्या आत उरकायचे म्हणून तुळशीच्या लग्नानंतरची पहिलीच तिथी धरली गेली.

लग्नाला आठ दिवस उरले असताना भाचा संध्याकाळी दारात उभा. “मामा, कॅमेरा गेला जी. स्क्रीनच येऊन नाही रायली.”

त्याच्यामागे ताई. आमच्या झाडीबोलीत ‘ळ’ नाही. डोळ्याला ‘डोरा’ म्हणतात. ती म्हणाली, “त्याचा डोरा फुटला का रे, भाऊ?” ती बिचारी त्या यंत्राविषयी बोलत होती, पण नजर हप्त्याच्या वहीवर होती.

भाच्याने नागपूरच्या एका दुकानात फोनवर विचारलेही होते. तिथून उत्तर आले होते की पडदा बदलावा लागेल, पाच-सहा हजार लागतील, पंधरा दिवस ठेवून जा. न पाहता दिलेले निदान. आणि शेजारचा एक कॉलेजकुमार तर हातात कॅमेरा घेऊन बसलाच होता. त्याचे औषध एकच होते, “फॉरमॅट मारून पाहा ना!”

इथे मी मोठ्याने ओरडलो हे खरे. कारण त्या कार्डावर साखरपुड्याचे सगळे फोटो होते. भाच्याच्या घरी संगणक नाही, ते अजून कुठेही उतरवलेले नव्हते. आणि त्यांत आजोबा होते, फेटा बांधलेले, नातीच्या डोक्यावर हात ठेवलेले. वाचकहो, हे एवढे मात्र पक्के ध्यानात ठेवा. ‘रीसेट’ म्हणजे कॅमेऱ्याच्या सवयी मूळपदावर आणणे. ‘फॉरमॅट’ म्हणजे कार्ड पुसणे. दोन्ही शब्द मेनूत थोड्याथोडक्या अंतरावर राहतात, पण एक न्हावी आहे आणि दुसरा खाटीक. पडद्याचा कसलाही घोटाळा झाला तरी पहिले काम कॅमेरा बंद करून कार्ड बाहेर काढून ठेवण्याचे. मग हवे ते प्रयोग करा. आम्ही कार्ड काढले, ताईने ते कुंकवाच्या करंड्यात ठेवले, आणि मग आम्ही दिव्याखाली बसलो.

वैद्य नाडी पाहतो तशी कॅमेऱ्याचीही एक नाडी आहे. पडद्यावर तीन निरनिराळ्या गोष्टी दिसतात. समोरचे जिवंत दृश्य, आधी काढलेले फोटो, आणि मेनूची अक्षरे. मेनू स्वच्छ दिसतो आणि दृश्यच तेवढे काळे किंवा रेघांचे दिसते, तर पडदा निर्दोष आहे. दोष भिंगाकडे, प्रकाश टिपणाऱ्या चकतीकडे किंवा बहुधा एखाद्या सेटिंगकडे आहे. जुने फोटो चांगले दिसतात आणि नवे तेवढे वाईट, तरी निष्कर्ष तोच. मेनूच्या अक्षरांवरही रेघा असतील, तर मात्र पडदा खरोखर आजारी. दुमडता-उघडता येणारा पडदा असेल आणि एका विशिष्ट कोनात नेल्यावरच तो काळा होत असेल, तर बिजागरीतून जाणारी पातळ पट्टीसारखी वायर झिजली असे समजावे आणि गुपचूप कारागिराकडे जावे. तिथे मामाचा उपयोग नाही.

आमच्या कॅमेऱ्यात मेनूही दिसेना. सगळाच अंधार. मी कॅमेरा उचलला आणि वरच्या छोट्या खिडकीला डोळा लावला. आत लख्ख उजेड! समोर ताईचा चिंतातुर चेहरा, कडेला आकडे, सगळे जागच्या जागी.

भाच्याचे वय वीस. त्याने आयुष्यात पहिला फोटो मोबाईलवर काढला, हात लांब करून. कॅमेऱ्याला डोळा लावायचा असतो हेच त्याला ठाऊक नव्हते. ती खिडकी त्याला शोभेची वाटत होती. आता या खिडकीच्या कडेला एक बारीकसा काळपट ठिपका असतो. तो डोळ्याची चाहूल घेतो. अदृश्य, तांबड्यापलीकडचा किरण सोडतो, आणि तो किरण कशावर तरी आपटून परतला की समजतो, मालकाने डोळा लावला. मग तो मागचा मोठा पडदा विझवतो आणि आतला इवलासा पेटवतो. योजना छान आहे. पण त्या ठिपक्याला डोळा कोणता आणि अंगठा कोणता, एवढा विवेक नाही. सदऱ्याचे बटण, पोट, धूळ, काहीही जवळ आले की त्याला डोळाच वाटतो. भाच्याने मंडईत हौसेने रुंद पट्टा घेऊन कॅमेऱ्याला लावला होता आणि त्याची घडी नेमकी त्या ठिपक्यावर लोंबत होती. पट्टा बाजूला केला, पडदा हसला. मेनूत जाऊन ‘फक्त मागचा पडदा’ असा हुकूम देऊन ठेवता येतो, तोही दिला.

पाच हजार वाचले. ताईने चहा ठेवला.

चहा होईपर्यंत मला आठवत होते ते जुने फोटोग्राफर. तिवईवर मोठी पेटी, आणि डोक्यावरून काळे कापड घेऊन आत शिरलेला माणूस. त्या पेटीलाही मागे पडदाच असे, घासून धुरकट केलेल्या काचेचा, आणि त्यावर चित्र उमटे ते उलटे. डोके खाली, पाय वर. अख्खे वऱ्हाड उलटे टांगलेले पाहूनही त्या माणसाने ‘कॅमेरा बिघडला’ असे कधी म्हटले नाही, कारण प्रकाश भिंगातून जाताना असेच वागतो हे तो शिकला होता. काळे कापडही गूढतेसाठी नव्हते, बाहेरच्या उजेडात काचेवरचे काही दिसत नसे म्हणून होते. आजही भर दुपारी शेतात पडद्यावर आपलेच तोंड दिसते तेव्हा उपरण्याचा आडोसा करावा, तोच उपाय. पुढे साठीच्या सुमाराला घरोघरी अॅग्फाचा क्लिक आला, त्याला पडदाच नव्हता. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आणला, तेव्हा चित्र उमटले की नाही हे फिल्म धुतल्याशिवाय कळण्याची सोय नव्हती. ती धुण्याच्या कामात सरस्वतीबाई रात्री जागत. स्टीव्हन सॅसन या कोडॅकच्या तरुण इंजिनिअरने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्यालाही पडदा नव्हता. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत आणि पाहायचे तर टेलिव्हिजन जोडावा लागे. पाठीवर रंगीत पडदा घेऊन सामान्य गिऱ्हाइकांच्या हाती आलेला पहिला कॅमेरा म्हणजे १९९५ साली विक्रीला आलेला कॅसिओचा क्यूव्ही-१०. काढल्याबरोबर पाहायचे, ही आपली चटक अवघी तीस वर्षांची आहे.

असो. चहा झाला आणि दुसरे संकट उभे राहिले. लग्नात वापरायचा म्हणून भाच्याने स्वस्तातला फ्लॅश आणला होता. शिकवणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे त्याने सगळे आकडे हाताने लावले, कॅमेरा समोर धरला, आणि पडदा पुन्हा काळा. या खेपेला मेनू दिसत होता, जुने फोटो दिसत होते. जिवंत दृश्य तेवढे काळे. म्हणजे नाडी सांगत होती की पडदा ठीक आहे. फ्लॅश उडवून फोटो काढला तर फोटोही उत्तम! दिसते काळे आणि निघते गोरे, असा चमत्कार.

यातले इंगित असे. आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचा पडदा प्रामाणिक असतो, जरा जास्तच प्रामाणिक. तुम्ही लावलेल्या आकड्यांनी फोटो जसा येईल तसेच दृश्य तो आधी दाखवतो. फ्लॅशसाठी लावलेले आकडे घरातल्या दिव्याला फार अपुरे. आणि स्वस्त फ्लॅश जोडला आहे, तो उडणार आहे, याची त्याला वर्दी नसते. म्हणून तो सांगतो, बाबा रे, तुझा फोटो काळा येणार. मेनूत हा ‘आधी परिणाम दाखवण्याचा’ पर्याय बंद करता येतो. फ्लॅश लावताना बंद करावा, फ्लॅश काढला की आठवणीने सुरू करावा.

याच्या उलटही घडते. पडद्यावर चित्र झगमगीत आणि छापून आणावे तर अंधारलेले. पडद्याची चमक उन्हासाठी वाढवून ठेवलेली असते आणि रात्रीच्या मंडपात तीच आपल्याला भुलवते. यावर डोळ्यांपेक्षा तो डोंगरासारखा आलेख बरा. डोंगर सगळा डाव्या भिंतीला टेकला तर फोटो काळोखा, उजव्या भिंतीवर चढला तर पांढरा फटक. त्याला पडद्याच्या चमकेशी काही देणेघेणे नसते.

पट्ट्यांचे प्रकरण मंडईच्या रात्री निघाले. नाटकाच्या मंडपात राजाच्या शुभ्र धोतरावर पडद्यावर तिरप्या पट्ट्या चालू लागल्या, जणू मुंग्यांची रांग. या पट्ट्यांना इंग्रजीत झेब्रा म्हणतात. त्या फोटोत कधीच उमटत नाहीत. इतका भाग इतका उजळ झाला आहे की त्यातला तपशील जाईल, अशी ती सूचना. उजेड एक-दोन पायऱ्या उतरवला की पट्ट्या विरतात आणि धोतराच्या निऱ्या परत येतात. फोटो पाहताना पांढरा भाग काळा-पांढरा लुकलुकतो, तोही याच कुळातला. कडांवर तांबडे-पिवळे कण सळसळताना दिसले तर ती नेम कुठे साधला आहे याची खूण.

पण त्याच मंडपात आडव्या, रुंद, काळसर पट्ट्याही दिसल्या, आणि त्या फोटोतही उतरल्या. यांना गोंडस नाव देऊन चालत नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंदावतात आणि तेजाळतात. डोळ्याला ते कळत नाही. कॅमेरा चित्र ओळीओळीने वाचतो, विशेषतः आवाज न करणारा शटर लावला असेल तेव्हा. म्हणून काही ओळी उजेडाच्या वाट्याला येतात, काही अंधाराच्या. शटर सेकंदाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर आणला की प्रत्येक ओळीला सारखा उजेड मिळतो. कोणती पट्टी सूचना आणि कोणती दुखणे, हे ठरवायची युक्ती सोपी आहे. एक फोटो काढा आणि तो मोठा करून पाहा.

लग्नाच्या आदल्या दिवशी माझे साडू पुण्याहून आले. त्यांनी कॅमेरा उभा धरला आणि जाहीर केले की पडदा गेला. आडवा धरला, आला. पुन्हा उभा, गेला. भाच्याचा चेहरा उतरला, ताई करंड्याकडे धावली. मी साडूंना विनंती केली की भाऊसाहेब, तो काळा चष्मा जरा काढा. अशा महागड्या चष्म्यांच्या काचा एका दिशेने थरथरणारा प्रकाशच आत सोडतात, आणि या पडद्यातूनही प्रकाश एका दिशेनेच थरथरत बाहेर येतो. दोघांच्या दिशा आडव्या-उभ्या झाल्या की अंधार. चष्मा काढला, पडदा आला. साडूंना मात्र हा खुलासा पटला नाही. पुण्याच्या चष्म्यात दोष असू शकतो ही कल्पनाच त्यांना नवी होती.

मला या सगळ्यात खटकले ते दुसरेच. कॅमेऱ्याबरोबर जे जाडजूड पुस्तक येते त्यात वर सांगितलेले बहुतेक सारे लिहिलेले असते, पण ते इंग्रजीत; आणि वापरलेल्या कॅमेऱ्याबरोबर तर तेही येत नाही. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत आता भाषांच्या यादीत मराठी सापडते, ही आनंदाची गोष्ट. मराठीला २०२४ साली अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आम्हा शिक्षकांना अभिमान आहेच. पण वीस वर्षांच्या मुलाला हप्ता फेडण्यासाठी जे चार शब्द हवे असतात, ते सोप्या मराठीत कोणी छापून दिले तर तोही भाषेचा सन्मानच. मी भाच्याला एका वहीच्या पानावर लिहून दिले: कार्ड काढ, खिडकीत पाहा, मेनू पाहा, जुना फोटो पाहा, पट्टा बाजूला कर. ते पान त्याने पिशवीच्या झाकणाला आतून चिकटवले आहे.

लग्न व्यवस्थित पार पडले. साखरपुड्याचे फोटो साकोलीला जाऊन छापून आणले, आणि आजोबांचा तेवढा मोठा करून चौकटीत घातला. मांडवात तो पाटावर ठेवला होता, हार घालून. मुलीने पाया पडताना तिथे जो वेळ लावला त्याने भटजींचा मुहूर्त थोडा सरकला. ताईचा हप्ता वेळेवर गेला.

परवा भाच्याचा पुन्हा फोन आला. कॅमेरा सुरू केला की दर वेळी पडद्यावर तारीख विचारतो म्हणे. मी सांगितले, घाबरू नकोस. आत घड्याळापुरता एक बारीक सेल असतो. कॅमेरा फार दिवस बॅटरीविना पडून राहिला की तो उपाशी मरतो. भरलेली बॅटरी घालून एक-दोन दिवस तशीच राहू दे, तारीख नीट लाव, आणि मग पाहा. तरीही विचारत राहिला तर तो सेल म्हातारा झाला. नागपूरला गेलास की बदलून घे. तोवर फोटो बेलाशक काढ.